पुसला, पण चालू

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून झाली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि कामशेतच्या पाणी संस्थेत कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या अनिताच्या मते चांगल्या कामाची हीच खूण होती. पंप नेहमीच्या वेळी सुरू झाले, बिलं छापून निघाली, पाणी येणार की नाही हे सांगणारे फोन गावोगावी गेले. राहिलं होतं ते मागचं आवरणं.

जुन्या सिस्टिमच्या शेअर्ड लायब्रऱ्या तशाच पडून होत्या. संस्थेचा व्यवस्थापक ओंकार लोणावळ्याचा. ही लायब्ररी म्हणजे काय भानगड, असं त्यानं एकदा विचारलं होतं, तेव्हा अनिता म्हणाली होती, "गावकीची भांडी." ती लहान असताना कार्ल्यात देवळामागच्या खोलीत मोठी पातेली, पराती, झारे रचून ठेवलेले असत. लग्न कुणाच्याही घरचं असो, भांडी तीच. घरटी वेगळं पातेलं कुणी घेत नसे. मशीनमध्येही तसंच असतं. तारीख मोजायची, आकडा छापायचा, फोन लावायचा, त्यासाठी लागणारी भांडी एका जागी ठेवलेली असतात आणि जो प्रोग्राम सुरू होईल तो ती उचलून नेतो. सिस्टिम बदलली की नवी भांडी येतात. जुनी पोचे पडलेली तशीच राहतात, आणि त्यांना पडलेल्या भोकांतून एक दिवस चोर आत येतो. म्हणून ती काढायची.

कोणत्या लायब्रऱ्या आता कुठलाच प्रोग्राम मागत नाही, हे मशीनलाच विचारता येतं. अशांना या धंद्यात अनाथ म्हणतात. अनिता दुपारभर अनाथ काढत होती. थोड्या काढायच्या, थांबायचं, सगळं चालतंय ना ते बघायचं, मग पुढच्या. घाई करणं तिच्या स्वभावात नव्हतं. एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये एकटीच एक लायब्ररी निघाली. इंग्रजी अक्षरांत नाव होतं, एस ए डी. साउंड कार्डासंबंधी जुनं काहीतरी असणार, असं तिनं धरलं. मशीनला विचारलं. मशीन म्हणालं, कुणी मागत नाही. तिनं ती पुसली.

संध्याकाळचे पाण्याचे फोन ठरल्याप्रमाणे गेले. तिनं एक ऐकूनही पाहिला. त्यात भरून ठेवलेला गणेशचा आवाज नेहमीसारखा स्वच्छ आला. ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेवटची तपासणी केली. चालू असलेल्या प्रोग्रामांपैकी कुणी जुनं काही हातात धरून बसलंय का, एवढंच पाहायचं होतं. एकच ओळ आली. पाण्याचे फोन लावणारा प्रोग्राम, त्यानं धरलेली लायब्ररी, आणि तिच्या नावापुढे मशीननं लावलेला शेरा: डिलीटेड.

तिनं नाव पुन्हा वाचलं. एस ए डी. या वेळी ते मराठीत वाचलं गेलं.

साद.

हा फोनचा प्रोग्राम गणेशनं लिहिला होता. तो टाकव्याच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या उंबरवाडीचा, शिदू आणि सावित्राबाईंचा एकुलता एक. संस्थेच्या संदेशातलं शुद्ध मराठी वाडीत कुणाला आपलं वाटत नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या आवाजात, वाडीच्या बोलीत शब्द भरून घेतले होते आणि त्यांचे बारीक तुकडे करून ठेवले होते. प्रोग्राम हवे ते तुकडे जोडायचा. आज पानी येनार न्हाई. हांडं भरून घ्या. आणि पावसाळ्यात वरच्या बंधाऱ्याची दारं उघडणार असली की, फरशीवर कुनी जाऊ नगा. वाडी आणि टाकवे यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावर पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी आहे. बंधारा सुटला की फरशीवरून छातीएवढं पाणी जातं.

मागच्या दिवाळीनंतर जुन्या हायवेवर गणेशची मोटारसायकल घसरली. तो गेला. फोन येत राहिले.

अनितानं बॅकअप पाहिला. बॅकअप घेणारा प्रोग्राम नोंदलेल्या जागाच बघायचा आणि गणेशनं ती लायब्ररी स्वतः बांधून आपल्या कोपऱ्यात ठेवली होती. नोंद कुठंच नव्हती. त्याचा प्रोग्राम सुरू होताना तिला नावानं हाक मारून आणत असे, मागणीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून तर मशीनला ती अनाथ वाटली. आता डिस्कवर ती नव्हती. पण ज्यानं ती आधीच हातात घेतली होती, तो चालू असेपर्यंत ती मशीनच्या स्मरणात होती. प्रोग्राम थांबला, मशीन बंद झालं, की संपलं.

"मग बरंच झालं की," ओंकार म्हणाला. "सोमवारपासून नवी बाई बोलणारच आहे." पुण्याच्या एका कंपनीची फोन सेवा संस्थेनं घेतली होती. त्यात एक बाई अगदी गोड आवाजात बोलायची. "रखमाजी आबा कालच बोलले मला. मेलेला माणूस रोज पाणी सोडतोय, पोरं घाबरतात म्हणे."

"पोरं नाही घाबरत. आबा घाबरतात."

"अध्यक्ष घाबरले म्हणजे ठराव झालाच समज. रीस्टार्ट मार आणि मोकळी हो."

"आधी त्याच्या आईला विचारते."

"आईला काय विचारायचं त्यात? सर्व्हर संस्थेचा आहे."

"सर्व्हर आहे. आवाज नाही."

मशीनच्या स्मरणातून ती लायब्ररी बाहेर काढून ठेवता येते, हे अनिताला ठाऊक होतं. काम अवघड नव्हतं. पण काढून ठेवणं हाही एक निर्णय होता आणि तो आपला नाही असं तिला वाटलं. आधी विचारू, मग संध्याकाळी काढू. यूपीएसची बॅटरी नवी होती. मशीन कुठं पळून जात नव्हतं.

निघण्याआधी तिनं उंबरवाडीचे मागचे फोन नजरेखालून घातले आणि थबकली. टाकव्यात आणि खालच्या गावांत लोक पहिलाच फोन उचलत होते. उंबरवाडीत एकही घर पहिला फोन उचलत नव्हतं. दुसराही नाही. तिसरा उचलायचे, एकजात सगळे. गणेश होता तोवर तसं नव्हतं. तेव्हा सगळे पहिल्यालाच उचलायचे.

तिनं गणेशचा प्रोग्राम उघडून वाचला. न उचलल्यास पुन्हा एकदा लावायचा, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे दोनदा. ती ओळ तिनं परत परत वाचली. तिसरा फोन त्यात कुठंच नव्हता. साद लायब्ररीत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ते पाहायची सोय नव्हती. गणेशनं लिहिलेला मूळ मजकूर त्याच्या लॅपटॉपवर होता आणि लॅपटॉप त्या दिवशी मोटारसायकलवर त्याच्या पाठीला होता.

उंबरवाडीला ती स्कूटरवर पोचली तेव्हा दुपार कलत होती. ओढ्याचं पाणी फरशीच्या खालूनच चाललं होतं. भात पोटरीत आलं होतं आणि डोंगरावरून धुकं उतरून बांधापर्यंत आलं होतं. सावित्राबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. शिदू टाकव्याला रेशन आणायला गेला होता.

"हापिसातून आली? बस. कोरा च्या करते, दूध न्हाई."

"राहू द्या मावशी. एक विचारायचं होतं. संस्थेचा फोन आला की तुम्ही तिसऱ्यांदाच का उचलता?"

"मंग कितव्यांदा उचलायचा?"

"पहिल्यांदा."

सावित्राबाई हसल्या. "तू कार्ल्याची ना? तुमच्याकडं लायटी लवकर आल्या, म्हनून इसरलात. मानूस दिसत न्हाई अन् हाक येती, तर पैल्या हाकंला ओ द्याची न्हाई. दुसरीला बी न्हाई. जे जित्तं न्हाई त्याला दोनच हाका मारता येत्यात. तिसरी त्याला जमत न्हाई. तिसरी आली की समजायचं, आपलंच मानूस हाय."

"पण मावशी, गणेश तर..."

"गेलाय. मला ठावं न्हाई व्हय? माज्या डोळ्यांदेखत मसनात न्हेला." त्यांच्या हातातलं सोलणं थांबलं नाही. "तो गेल्यावर पैला फोन आला तवा समदी वाडी भ्याली. कुनी हात लावंना. म्या बी न्हाई लावला. दुसरा आला. न्हाई उचलला. मंग तिसरा आला. भूत असतं तर आला असता व्हय तिसरा?"

त्या ओळीत दोनदाच लिहिलं होतं, हे अनिताच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"तो होता तेव्हा कधी तीनदा वाजला होता?"

"तवा कशाला वाजंल? पैल्या घंटंलाच उचलायची म्या. पोरगं कामशेतात खुर्चीवर बसलंय, ठावं व्हतं ना."

मग तिनं ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "मावशी, त्याचा आवाज माझ्या हातून पुसला गेलाय."

"कवा?"

"काल दुपारी."

"काल सांजच्याला तर बोलला की माज्याशी. हांडं भरून घ्या म्हनला."

"पुसलाय, पण चालू आहे. जिथं ठेवला होता तिथून गेला. पण मशीननं तो आधीच हातात धरलेला होता. ते सोडत नाही तोवर आहे."

"अन् सोडलं की?"

"मग नाही. आज बाहेर काढून नीट ठेवता येईल. ठेवू का, ते विचारायला आले. संस्था तर बंदच करायचा म्हणतेय."

सावित्राबाईंनी सोललेले वाल सुपात एका बाजूला सारले. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. धुक्यात ओढा दिसत नव्हता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"गण्याचा बा येऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यानला इचारल्याबिगर म्या काय सांगू?"

तेवढ्यात घरातला पंखा थांबला. थोड्याच वेळात अनिताचा फोन वाजला. ओंकार होता.

"कामशेतची लाइट गेली. आणि तुझ्या त्या नव्या बॅटरीनं मान टाकली. मशीन बंद पडलं. आता जनरेटरवर उठलंय, पण फोनवाला प्रोग्राम उठत नाही. काहीतरी सापडत नाही म्हणतोय."

"साद," अनिता म्हणाली. ती ओट्याच्या कडेला टेकली.

"काय?"

"काही नाही. संपलं ते."

"संपू दे. हे ऐक. वर जोराचा पाऊस आहे, बंधाऱ्यावरून निरोप आलाय, दारं उघडतायत. मी नव्या बाईला आजच कामाला लावलं. सगळ्यांना फोन जातायत."

"किती वेळा वाजतो तिचा?"

"दोनदा. का गं?"

ती बोलायच्या आत आवाज तुटला. सावित्राबाईंचा फोन वाजू लागला. अनोळखी नंबर होता. सावित्राबाई फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या.

"उचला मावशी. संस्थेचाच आहे."

"थांब."

वाजून वाजून तो बंद झाला. शेजारच्या घरातून तशीच घंटा आली, त्याच्या पलीकडच्या घरातून आली. कुणी उचलली नाही. मग दुसरा. तोही वाजून थांबला. वाडी गप्प झाली. सगळी घरं तिसऱ्याची वाट पाहत होती, हे अनिताला बसल्या जागी कळलं. आणि तो येणार नव्हता.

"शिदूभाऊंकडे फोन आहे?"

"हाय. खिशात."

"त्यांनाही आता हाच आला असणार. उचलला असेल?"

सावित्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवत त्या उठल्या. "तिसऱ्याला उचलत्यात त्ये."

अनितानं शिदूचा नंबर लावला. रेंज गेली होती. लाइटमागोमाग आता टॉवरही बसला होता. ती चप्पल टाकून अनवाणी पळत सुटली.

पायवाट उतरणीची, शेवाळलेली. मागून सावित्राबाई येत होत्या, पण गुडघ्यांनी त्यांना पळवेना. फरशीच्या वरच्या वळणापाशी अनिता पोचली तेव्हा पाणी फरशीवर चढलं होतं, अजून घोट्याएवढंच. रंग मात्र बदलला होता. पलीकडच्या काठावर, धुक्याच्या फटीत शिदू दिसला. डोक्यावर रेशनची पिशवी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद. तो खाली मान घालून फरशीकडे येत होता.

"शिदूभाऊ!"

त्याला ऐकू गेलं. त्याचे खांदे क्षणभर अडखळलेले तिनं पाहिले. पण मान वर आली नाही. धुक्यातून बाईमाणसाचा आवाज, तोही ओळखीचा नाही. तो चालत राहिला.

"शिदूभाऊ, थांबा!"

त्यानं फरशीवर पाय ठेवला.

तिसरी मारायची होती. ती मारायचीच आहे हे तिला पक्कं माहीत होतं. छातीत श्वास भरून घेत ती पुढे झाली आणि शेवाळावर पाय सटकला. ती कुशीवर आदळली. छातीतला सगळा श्वास निघून गेला. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड हलवतो, तसं तिचं तोंड हलत होतं. वर कुठंतरी डोंगर घासल्यासारखा घरघराट सुरू झाला.

आणि शिदू थांबला.

त्यानं मान वर केली. तिच्याकडे नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथं नुसतं धुकं होतं तिकडे तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "ओ!"

मग तो वळला आणि आल्या पावली माघारी गेला. त्याची पाठ करंजाच्या झाडाआड होते न होते तोच पाणी आलं. लाल, जाड, झाडाच्या फांद्या घेऊन. फरशी कुठं होती हे सांगता येईना.

त्या रात्री ती वाडीतच राहिली. सकाळी पाणी ओसरल्यावर शिदू फरशी ओलांडून आला. पिशवीतला तांदूळ भिजला होता. सावित्राबाईंनी तो सुपात पसरला.

"टाकव्याला झोपलो, रखमाजीच्या गोठ्यात," शिदू म्हणाला. "म्हशीनं रातभर कान चाटला माजा." तो अनिताकडे बघून हसला. मग हसू मावळलं. "बाई, दोन हाका तुज्या व्हत्या, व्हय ना? म्या ऐकल्या. पन मान वर केली न्हाई. अशा धुक्यात अन् बाईची हाक. म्हनलं, चालत ऱ्हायाचं."

"मंग?" सावित्राबाईंनी विचारलं.

"मंग तिसरी आली."

"कुनाची?"

शिदूनं डोक्याचा कागद काढून झटकला. त्याची नीट घडी घातली. घडी घालून झाल्यावरही तो हातातच धरून उभा राहिला.

"नावानं न्हवती," तो म्हणाला. "बा म्हनून व्हती."

सावित्राबाईंचे हात तांदळात तसेच राहिले. दोघांनी अनिताकडे पाहिलं. शिदूपेक्षा सावित्राबाईंची नजर जड होती. हो म्हण, असं ती नजर म्हणत नव्हती आणि नाही म्हण असंही नाही. त्यांना काय झालं ते हवं होतं, आणि ते ठाऊक असणारं तिथं एकच माणूस होतं.

मीच मारली, असं म्हणता आलं असतं. घाबरलेला माणूस काय ऐकेल याचा नेम नसतो. पाण्याच्या घरघराटात कशाचंही काही ऐकू येतं. रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या अनितानं तो सगळा वेळ पुन्हा पुन्हा तपासला होता. मशीन बिघडल्यावर ती जसं तपासते तसं, एकामागून एक, काही न गाळता. पहिली हाक. दुसरी. पाय सटकला. श्वास तुटला. तोंड उघडं. त्यापुढे तिच्याकडून काहीच निघालं नव्हतं.

"मी दोनच मारल्या, मावशी," ती म्हणाली.

सावित्राबाईंनी मान हलवली. सुपातला तांदूळ त्यांनी बोटांनी सारखा केला, एक खडा उचलून बाहेर टाकला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग त्या पुसलेल्याचं तसंच ऱ्हाऊ दे. कुटनं काय धुंडून काढू नगंस आता."

"नाही काढत."

"अन् त्या नव्या बाईला सांग, आमच्या वाडीला तीनदा वाजवायचं."

"सांगते."

"ध्यान करून सांग. दोनदा वाजवून गप बसली तर हितं कुनी उचलायचं न्हाई. ती जित्ती हाय का न्हाई, आमाला कसं कळनार?"